पंचवीस सेकंदांची गल्ली

अर्जाला उत्तर आलं तेव्हा आत्याचा डावा हात अजून प्लास्टरमध्ये होता. पाकीट तिने दातांनी फाडलं, पत्र खिडकीशी नेऊन एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्याने वाचलं, आणि भाचीकडे न बघता म्हणाली, "घ्या. आमच्या घुबडाने दिवे लावले."

पत्र नगरपालिकेच्या दिवाबत्ती विभागाचं होतं. औषध कंपनीच्या मागच्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत जाणाऱ्या गल्लीत खांब बसवावेत, असा अर्ज दुसऱ्या पाळीच्या बारा बायकांनी केला होता. पहिली सही आत्याची होती. विभागाने अर्ज नामंजूर केला होता आणि कारणं दोन दिली होती. एक, सदर गल्लीत शेजारच्या गोदामाचा पुरेसा प्रकाश पडतो. दोन, सदर वेळेस गल्लीत पादचाऱ्यांची वर्दळ आढळत नाही. दोन्हींना पुरावा म्हणून एकच गोष्ट जोडली होती: पालिकेच्याच 'रात्रीचं शहर' या स्पर्धेत पहिलं आलेलं आणि सध्या पालिकेच्या जिन्यासमोर मोठ्या चौकटीत लावलेलं छायाचित्र. ज्या फुटक्या फरशीत पाय जाऊन आत्या पडली होती, तिची बाब गटार विभागाकडे वर्ग केली होती.

छायाचित्र भाचीचं होतं. खालची ओळही तिनेच लिहून दिली होती, आणि नको तितकी नेमकी: गोदामामागची गल्ली, रात्री दहा वाजून चाळीस मिनिटं, उपलब्ध प्रकाशात.

घुबड हे तिचं घरातलं नाव. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. पंधरा दिवसांसाठी म्हणून आलेली आत्या अठरा वर्षं झाली तरी परत गेली नव्हती, आणि घरातल्या प्रत्येकाला नाव ठेवायचा हक्क तिने पहिल्या आठवड्यातच घेऊन टाकला होता. भाची विज्ञानाची पदवीधर. पुढे काय करायचं ते ठरेपर्यंत म्हणून एका स्टुडिओत लागली होती आणि ते अजून ठरत नव्हतं. दिवसभर ओळखपत्रांचे फोटो. पांढरा पडदा, दोन बाजूंनी दोन फ्लॅश, हनुवटी जरा खाली घ्या, हसू नका. संध्याकाळपर्यंत सगळे चेहरे तिला उकडलेल्या बटाट्यासारखे दिसायला लागत. मग रात्री ती सूड उगवायची. कॅमेरा आणि त्याचं तीन पायांचं तिकाटणं घेऊन बाहेर पडायचं आणि स्वतःचा थेंबभरही उजेड कुठे घालायचा नाही, हा तिचा नियम होता. शहराने सांडलेला असेल तेवढाच प्रकाश. बंद दुकानाची पाटी, रिकाम्या बसच्या खिडक्या, तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी विसरलेला स्वयंपाकघरातला दिवा.

त्या गल्लीत तर दिवा असा नव्हताच. एका बाजूला कंपनीची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला गोदामाची, मध्ये गटारावर टाकलेल्या फरशा. गोदामाच्या फाटकावरचा एकुलता पिवळा दिवा भिंतीपलीकडे होता. त्याचा उजेड वर जायचा, ढग असले तर ढगांना लागायचा आणि उरलासुरला खाली गल्लीत झिरपायचा. डोळ्याला तो कळेल न कळेल. पण डोळा प्रकाश साठवू शकत नाही आणि कॅमेरा साठवू शकतो. गळक्या नळाखाली भांडं ठेवलं तर थेंबाथेंबाने भरतं, तसं पंचवीस सेकंद शटर उघडं ठेवलं की गल्ली भरून यायची. विटान् वीट दिसायची. ओल्या फरशा सोन्याच्या पत्र्यासारख्या चमकायच्या.

आणि एवढ्या वेळात जे हलतं ते फोटोत राहत नाही. हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तो फोटो काढला त्या रात्री बारा बायका कंपनीच्या दारातून निघून, एकीच्या खांद्यावर दुसरीचा हात अशी आगगाडी करून, तिच्या कॅमेऱ्यासमोरून गेल्या होत्या. पुढे आत्या होती. कुणी उभं आहे असं वाटून तिने अंधारात विचारलं होतं, "घुबडे, थांबू का गं जरा?" आणि भाचीने सांगितलं होतं, "नको, चालत राहा. थांबलात तर उमटाल."

त्या चालत राहिल्या आणि उमटल्या नाहीत. वर्दळ आढळत नाही.

उत्तर आलं तो आत्याच्या सुट्टीचा वार होता. संध्याकाळी बाबा डेपोतून आले, पत्र वाचलं, घडी घालून टेबलावर ठेवलं आणि वर पाण्याचा तांब्या ठेवला. ते बस डेपोत गाड्यांच्या वेळा नोंदवत असत आणि बोलतानाही वेळापत्रकासारखंच बोलत. आत्या त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, तरी पडल्यानंतर तिने त्यांना शब्द दिला होता. दिवे आले तर नोकरी चालू, नाही आले तर हात बरा झाल्यावर राजीनामा. दिवसपाळीत जागा नव्हती. तिच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. पत्राच्या तळाशी लिहिलं होतं की पुढच्या गुरुवारी सुनावणी आहे, अर्जदारांनी काही नवं म्हणणं असल्यास पुराव्यासह मांडावं.

"गुरुवार," बाबा म्हणाले. "त्यानंतर नाही हं, ताई."

आत्याने मान डोलावली आणि जेवायला वाढायला घेतलं. ती आदळआपट करत नव्हती, हेच भाचीला सोसत नव्हतं. आत्या कंपनीत इंजेक्शनच्या बाटल्या तपासायची. बंद झालेली बाटली झगझगीत दिव्यापुढे धरायची, हलकेच फिरवायची, पाच सेकंद काळ्या पाटीसमोर, पाच सेकंद पांढऱ्या पाटीसमोर. काचेचा कण, कापडाचा धागा, काहीही तरंगताना दिसलं की बाटली बाद. डोळ्यांत तेल घालून काम करणं म्हणजे काय, ते या घरात नुसतं बोलायचं नव्हतं. तेवीस वर्षांत तिच्या हातून गेलेली एकही बाटली परत आली नव्हती. आता प्लास्टर होतं तरी ती दुसऱ्याच आठवड्यात कामावर हजर झाली होती, कारण बाटली फिरवायला एक हात पुरतो.

भाचीने जेवतानाच ठरवलं की गुरुवारपर्यंत खरा फोटो काढायचा.

त्याच रात्री ती गल्लीत गेली. दहा सेकंदांचा काढला, मग पाच, मग दोन, मग एक. घरी येऊन चारही शेजारी शेजारी लावले आणि ती अडली. चारही फोटो तितकेच खरे वाटत होते. एकात संध्याकाळ होती, दुसऱ्यात रात्र, तिसऱ्यात मध्यरात्र, चौथ्यात विहीर. यातला कुठला न्यायचा? काळा न्यावा तर साहेब म्हणणार, मुद्दाम काळा काढला. आणि खरंच मुद्दामच काढलेला असणार. पिवळा फोटो जितका मुद्दाम, तितकाच.

दुसऱ्या रात्री तिने रीत ठरवली. कॅमेऱ्याचा पडदा अगदी मंद करायचा, गल्लीकडे बघायचं, पडद्याकडे बघायचं, आणि डोळ्याला दिसतं तेवढंच पडद्यावर येईपर्यंत वेळ कमी-जास्त करायची. आपली बाजू सोडून मोजायचं. कॉलेजात प्रयोगवहीत हेच तर शिकवलं होतं. तिने तिकाटणं लावलं, ते सपाट आहे ना हे पाणसळीत बघितलं, अंधारात फोकस जुळवायला नेहमीसारखी दहा-बारा मिनिटं झटली, एक गाडी फाटकाशी येऊन दिवे पाडत होती ती जाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून थांबली, पुन्हा जुळवलं. शेवटी उत्तर आलं: चार सेकंद. चार सेकंदांच्या फोटोत भिंती दिसत होत्या, फरशांच्या कडा दिसत होत्या, फुटक्या फरशीची काळी चौकटसुद्धा. आणि तिने मान वर करून बघितलं तर तिच्या डोळ्यालाही ते सगळं दिसत होतं.

ती तिथेच उकिडवी बसून राहिली. गल्लीत अंधार नव्हता. निदान पडण्याइतका तरी नव्हता.

तिसऱ्या रात्री पुन्हा तपासलं. चार सेकंद. चौथ्या रात्री जागा बदलून तपासलं. साडेतीन. स्टुडिओत ती दिवसा पेंगायला लागली, एका गृहस्थाचे डोळे मिटलेले फोटो छापून दिले, आणि मालकांनी तिला सांगितलं की घुबडपणा रात्रीच ठेव. रात्री अंथरुणावर पडलं की पाय आपोआप हलत राहायचे. उठायची, चारही फोटो पुन्हा लावायची, पुन्हा पुसायची. खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायची छाती होत नव्हती.

पाचव्या सकाळी चहा घेताना तिने ते बोलून टाकलं. फार विचार न करता, पायाला टोचणारा खडा काढून टाकावा तसं.

"आत्या, मी मोजून बघितलं गं. इतका काही अंधार नाही तिथे."

आत्याने कप खाली ठेवला. "बरं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, थट्टेच्याच आवाजात, "म्हणजे माझेच डोळे गेले म्हणायचे."

बाबा आतून दाढी अर्धवट सोडून बाहेर आले. त्या दिवसापासून घरात दिव्यांचं बोलणं बंद झालं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचं सुरू झालं. खांब नसला तर नोकरी गुरुवारनंतर गेली असती. डोळे अधू आहेत असं कंपनीत नुसतं कुजबुजलं गेलं असतं तर ती गुरुवारच्याही आधी गेली असती. आणि पुढचं कुणी बोललं नाही, पण भाचीला ते डोक्यातून काढता येईना: गेल्या वर्षा-दोन वर्षांत पास केलेल्या बाटल्यांचं मग काय? आत्याने तो विचार केला नसेल असं होणंच शक्य नव्हतं. त्या दुपारी पाळीला जायच्या आधी ती खिडकीत बसून सुईत दोरा ओवत होती. सुई प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांत धरलेली. दोरा पहिल्या फटक्यात गेला. तिने तो काढला आणि पुन्हा ओवला. पुन्हा काढला. भाची दारात उभी होती, पण आत गेली नाही.

त्या रात्री तिने कॅमेरा घेतलाच नाही. आत्या हात गळ्यात अडकवायची पट्टी घरी विसरली होती, ती घेऊन ती कंपनीत गेली. पुढचं फाटक आठनंतर बंद होतं, म्हणून मागच्या दाराने. पहारेकरी तिला ओळखत होता. पट्टी आत पाठवतो म्हणाला, आणि पाळी सुटायला अर्धा तास आहे, काचेच्या व्हरांड्यात बस म्हणाला. मोबाइल त्याच्या खणात ठेवायला लागला, आत न्यायची मुभा कुणालाच नव्हती; बायका तर तो घरीच ठेवून येत.

व्हरांड्याला एका बाजूने काच आणि काचेपलीकडे तपासणीची खोली. तिने आत्याचं काम कधी बघितलं नव्हतं. बारा बायका बारा पेट्यांसमोर बसल्या होत्या आणि प्रत्येक पेटीत असा पांढरा उजेड की भाचीच्या स्टुडिओतले फ्लॅश त्यापुढे समया वाटावेत. छतालाही नळ्याच नळ्या. सावली कुठेच नाही. आत्या टोपी घालून, मान ताठ ठेवून, एका हाताने बाटली उचलत होती, फिरवत होती, काळं, पांढरं, उजवीकडे. काळं, पांढरं, उजवीकडे. एकदा थांबली. तीच बाटली पुन्हा काळ्यासमोर धरली आणि डावीकडच्या तांबड्या खोक्यात टाकली. भाचीला काचेतून त्या बाटलीत काहीही दिसलं नव्हतं.

घंटा झाली. बायका हात धुऊन, कपडे बदलून आल्या, आणि सगळ्या मिळून मागच्या दाराने बाहेर पडल्या. भाची त्यांच्यात होती. दार मागे बंद झालं.

तिला काहीच दिसेना.

काळोख दिसला असंही म्हणता येणार नाही. डोळ्यांपुढे हिरवट डाग तरंगत होते, बारा पेट्यांचे बारा चौकोन, आणि त्यांच्या मागे काही नव्हतं. भिंत नाही, फरशी नाही, आभाळ नाही. दोन वर्षं ती या गल्लीत येत होती. कुठली वीट फुटलीय ते तिला पाठ होतं. तिने सवयीने एक पाऊल टाकलं आणि कपाळ भिंतीवर आपटलं.

"आलं का पाहुणं?" अंधारातून कुणीतरी म्हणालं, आणि बायका हसल्या. एक हात आला, त्याने तिचा हात शोधला आणि कुणाच्या तरी खांद्यावर नेऊन ठेवला. पुढून आत्याचा आवाज आला. ती मोजत होती. एक, दोन, तीन. बासष्टला म्हणाली, "डावीकडे फुटकी," आणि सगळी माळ उजवीकडे सरकली. एकशे चाळीसला वळण. कुणी बोलत नव्हतं. जिला भाची दोन वर्षं आगगाडीचा खेळ समजत होती, ती त्यांची चालायची रीत होती.

आत्या पडली त्या रात्री एक नवी मुलगी मध्येच काहीतरी विचारत होती आणि आत्याचं मोजणं चुकलं, एवढंच झालं होतं. पहाऱ्यावरची बॅटरीही होती म्हणे आत्याच्या हातात. बॅटरीचा गोल पुढे पडला होता, नजर त्या गोलात अडकली होती, आणि फुटकी फरशी गोलाच्या बाहेर होती.

रस्त्यापर्यंत पोचायला पाच मिनिटं लागली. रस्त्यावरच्या दिव्याखाली भाची कपाळाचं टेंगूळ चोळत उभी राहिली आणि तिला आपल्या चार सेकंदांचा अर्थ लागला. डोळा उजेडातून अंधारात आला की दृष्टिपटलातल्या, अंधारात बघणाऱ्या पेशी लगेच कामाला लागत नाहीत. त्यांना वीस मिनिटं लागतात, कधी तीस. हे तिने पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आकृतीसह. पण रोज रात्री तिकाटणं लावण्यात, फोकस जुळवण्यात, गाडी जाण्याची वाट बघण्यात अर्धा तास घालवून मगच ती गल्लीकडे बघत होती. कॅमेऱ्यावर विसंबायला नको म्हणून तिने डोळा प्रमाण मानला होता, आणि डोळा नेमका तोवर तयार होऊन बसायचा. बायकांना गल्ली मिळायची पाच मिनिटं. आणि तीसुद्धा त्या झगझगाटातून उठल्यावरची.

घरी जाईपर्यंत तिने हे आत्याला तीनदा समजावलं. आत्याला दुसऱ्यांदाच समजलं होतं. तिसऱ्यांदा म्हणाली, "म्हणजे डोळे गेले नाहीत ना? मग बाकीचं साहेबांना सांग. मला झोपू दे."

गुरुवारी दिवाबत्तीच्या साहेबांनी त्यांना अकरा वाजता बसवलं आणि साडेबाराला आत घेतलं. साहेब स्वभावाने वाईट नव्हते. निवृत्तीला आलेले, प्रत्येक वाक्यानंतर पेनाला टोपण लावणारे. त्यांनी सांगितलं की केवळ फोटोवर ते अवलंबून राहिले नव्हते. ते स्वतः एका रात्री गल्लीत गेले होते, सहकारी येईपर्यंत पाऊण तास थांबले होते, आणि भिंतीवरची 'येथे कचरा टाकू नये' ही सूचना त्यांनी चष्म्याशिवाय वाचली होती. प्रकाश मोजायचं यंत्र गेलं दीड वर्ष दुरुस्तीला होतं.

भाचीने पिशवीतून नवा फोटो काढून टेबलावर ठेवला. तो तिने आदल्या रात्री घेतला होता, पहाऱ्यावर ठेवलेला कॅमेरा उचलून दारातून बाहेर पाऊल टाकल्या टाकल्या, आणि मग आठवणीतल्या काळोखाशी ताडून छापला होता. साहेबांनी तो उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"झाकण काढायचं राहिलं वाटतं," ते म्हणाले.

आत्याला हसू आलं. भाचीला नाही. ती बोलायला लागली आणि फार भराभर बोलली. पेशी, पेट्या, वीस मिनिटं, पाच मिनिटं. साहेबांनी टोपण लावलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: गल्ली एक, कॅमेरा एक, फोटो काढणारी एक, आणि फोटो दोन. एकाला पालिकेने पहिलं बक्षीस दिलंय, खाली प्रकाश उपलब्ध असल्याचं फोटो काढणारीनेच लिहून दिलंय. मग साहेबांनी फाइलला कुठला लावावा?

त्या पिवळ्या फोटोमुळे एका मासिकाने तिला भेटायला बोलावलं होतं. घरात ते तिने अजून सांगितलंही नव्हतं.

"तो काढून टाका," ती म्हणाली. "मी लेखी देते की तो गल्लीचा पुरावा नाही. पंचवीस सेकंदांत जमा झालेलं एका क्षणात दिसत असल्यासारखं मी दाखवलंय. आणि त्या पंचवीस सेकंदांत या बारा जणी समोरून गेल्या होत्या. मीच त्यांना थांबू नका म्हटलं."

साहेबांनी आत्याकडे बघितलं. "तुम्ही होतात त्यात?"

"सगळ्यात पुढे होते," आत्या म्हणाली. "बक्षीस मिळालं तेव्हा शोधलंही स्वतःला. म्हटलं, निदान पदर तरी."

साहेब बराच वेळ काळा फोटो बघत राहिले. मग त्यांनी विचारलं की हे वीस मिनिटांचं म्हणतात ते त्यांच्या वयाला किती असतं. भाची म्हणाली, जास्त. ते म्हणाले की फाइलला काळा कागद लावता येणार नाही आणि पेशीही लावता येणार नाहीत, फेरपाहणी तेवढी लावता येईल. भाचीने अट घातली: गल्लीच्या रस्त्याकडच्या तोंडाने नाही, कंपनीच्या आतून यायचं. आणि यायच्या आधी अर्धा तास काचेच्या व्हरांड्यात बसायचं.

आले. त्याच रात्री, फाइल काखेत घेऊन. पहाऱ्यावर मोबाइल दिला, भाचीच्या सांगण्यावरून पाहणी संपेपर्यंत तिथेच ठेवायचा म्हणून, व्हरांड्यात बसले, चहा घेतला, फाइल वाचली, काचेपलीकडे बघताना दोनदा चष्मा पुसला. त्या बाई डावीकडे टाकतात त्या बाटल्यांत काय असतं, असं त्यांनी विचारलं. धागा असेल, असं भाचीने सांगितलं. ती काही बसू शकत नव्हती. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होती आणि मनात हिशेब करत होती की ढग आलेत का, गोदामाच्या फाटकाशी गाडी उभी आहे का, कुणी दिवे लावून ठेवले तर सगळंच ओमफस. एकाच रात्रीचा प्रयोग. दुसरी संधी फाइलमध्ये नव्हती.

घंटा झाली. बायका आल्या. दार उघडलं, साहेब सगळ्यांबरोबर बाहेर पडले, दार बंद झालं.

चार-पाच पावलांचा आवाज आला आणि थांबला. मग भिंतीवरून तळहात फिरल्याचा खरखर आवाज, आणि साहेबांचा स्वर, कचेरीतल्यापेक्षा बराच बारीक: "बाई, तुम्ही आहात ना इथे?"

"आहे," आत्या म्हणाली. "हलू नका. हात द्या." तिने त्यांचा हात आपल्या प्लास्टर नसलेल्या बाजूच्या खांद्यावर ठेवून घेतला. बाकीच्या मागे लागल्या. भाची सगळ्यात शेवटी. एक, दोन, तीन. साहेब वहाणा घासत चालत होते. साठच्या सुमारास त्यांनी विचारलं की ती सूचना कुठे आहे, कचऱ्याची. मागची एक म्हणाली, तुमच्या नाकासमोर. बासष्टला आत्या म्हणाली, "डावीकडे फुटकी, इकडे या," आणि साहेब इतके उजवीकडे सरकले की कंपनीच्या भिंतीला घासले.

तिथे आत्या थांबली. तिच्याबरोबर सगळी माळ थांबली.

"साहेब, शेरा इथेच द्या," ती म्हणाली.

साहेब म्हणाले, शेरा कचेरीत. आत्या म्हणाली, कचेरीत उजेड असतो. कागदांची सळसळ ऐकू आली, टोपण उघडल्याची टिक, मग पेन कागदावर चाचपडल्याचा आवाज. फाइलमधला एक कागद खाली पडला आणि तो कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. अखेर ते म्हणाले की त्यांना लिहिता येत नाहीये.

"मग सांगा. आम्ही लक्षात ठेवतो. बारा जणी आहोत."

साहेबांनी घसा खाकरला. अंधारात, कचेरीच्या भाषेत, स्वल्पविरामासह, ते सांगायला लागले. सदर गल्लीची समक्ष फेरपाहणी केली. पाळी सुटण्याच्या वेळी प्रकाश अपुरा असल्याचे आढळले. त्या वेळी महिला कामगारांची नियमित ये-जा असल्याचे आढळले. आधीचा निर्णय रद्द समजावा. या महिनाअखेर खांब तीन...

"पाच," आत्या म्हणाली.

"तीनमध्ये भागतं, बाई."

"वळणाला एक लागतो. फुटकीपाशी एक. दाराशी मंद हवा, एकदम लख्ख नको, आणि पुढे एकेक थोडा जास्त, म्हणजे डोळे सावकाश सरावतील. विचारा आमच्या पोरीला, तिने आकृती काढलीय. पाच होतात."

गोदामाच्या भिंतीपलीकडे कुणीतरी शटर ओढलं आणि बंद केलं.

"खांब पाच," साहेब म्हणाले. मागून बाराजणींपैकी कुणीतरी ते हळू आवाजात पुन्हा म्हटलं, पाठ करावं तसं, मग दुसरीने, मग तिसरीने. साहेबांनी टोपण लावलं. मग त्यांनी विचारलं की रस्ता अजून किती आहे.

"दोनशे अठ्ठ्याहत्तर पावलं."

"मी असाच हात ठेवला तर चालेल ना?"

"ठेवा," आत्या म्हणाली. "पण मध्ये बोलू नका. मोजणं चुकतं."